चटणीची बरणी आणि शेवटी जेवणारी बाई

भाकऱ्या उरकल्या असतील, ओटा पुसून झाला असेल, तर जरा टेका. हातात निवडायला काही असेल तर तेही घ्या. आज आपण चटणीबद्दल बोलणार आहोत.

कुणी म्हणेल, चटणीबद्दल काय बोलायचं? रोजचीच तर आहे. रोजची आहे म्हणूनच बोलायचं. भाजी बदलते, कालवण बदलतं, सणाला पुरणपोळी होते. पण मांडणीवरची चटणीची बरणी बारा महिने तिथंच असते. भाजी नसली तरी एक वेळ निभतं, चटणी नसली की घास अडतो. शेतात न्यायच्या फडक्यात भाकरीवर तीच असते, लेकराच्या डब्यात तीच असते. आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर, पातेल्यात कालवणाचा तळ लागल्यावर जी बाई जेवायला बसते, तिच्या ताटातही तीच असते.

आमचं आजचं सांगणं एवढंच आहे. जी बरणी आपल्या ताटात सगळ्यात जास्त वेळा येते, ती नुसत्या तिखट-मिठाची नको. तिच्यात तेलबिया हव्यात, तिला ताजेपणा हवा, चव हवी. आणि ती आपण नीट बसून, चवीनं खायला हवी.

गावोगावची चटणी

चाटायची ती चटणी. हा शब्द इतका चालला की इंग्रजांनीही तो आपल्या भाषेत नेला. पण प्रत्येक मुलखाची चटणी वेगळी. आमच्या सोलापूर-धाराशिव पट्ट्यात शेंगदाण्याची, लालभडक, तेल सुटेपर्यंत कुटलेली. मराठवाड्यात कारळ्याची आणि जवसाची. विदर्भातही जवस आहेच. खानदेशात हिरव्या मिरचीचा ठेचा. कोकणात सुकं खोबरं आणि लसूण, आणि मासे खाणाऱ्या घरात भाजलेल्या सुकटीची. ज्या रानात जे पिकलं ते उखळात गेलं. म्हणून एखाद्या घरची चटणी चाखली की त्या गावची जमीन कशी आहे ते कळतं.

यात एक गंमत आहे. ज्या लाल मिरचीशिवाय आपल्याला चटणी सुचतच नाही, ती मिरची मूळची आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर आली आणि मग आत घाटावर पसरली. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. तीळ, जवस, लसूण, मिरी हे मात्र आपल्याकडे फार जुने. म्हणजे आपल्या खापरपणजीच्याही आधीच्या बायका तिखटासाठी मिरी वापरत असणार आणि कुटायला तीळ-जवस घेत असणार. चटणी बदलत आली आहे. तिच्यात आपणही काही बदल केले तर कुणाची परंपरा मोडत नाही.

एक बदल मात्र आपल्या डोळ्यांदेखत झाला आणि तो चांगला झाला नाही. पूर्वी ज्वारीच्या रानात करडईची, जवसाची चार तासं असायचीच. बांधाच्या कडेला अंबाडी, कुठं तीळ. विकायला नाही, घरच्या खाण्याला. पुढं सोयाबीन आलं, रान सगळं एका पिकाखाली गेलं आणि ही चार तासं गेली. पीक बाजारात जातं, पैसे हातात येतात, ते वाईट नाही. पण घरातलं जवसाचं गाडगं रिकामं झालं आणि चटणीत नुसतं लाल तिखट, मीठ आणि लसूण उरलं. रंग तोच, तिखटपणा तोच, म्हणून आपल्याला कळलंही नाही की बरणीतून काय गेलं.

बैठकीत विचारलेला प्रश्न

आम्ही गटाच्या बैठका घेतो तेव्हा हिशेब, हप्ते, कर्जाचे अर्ज झाले की शेवटी थोडा वेळ गप्पा असतात. मागं काही बैठकांत आम्ही एकच प्रश्न विचारला: काल रात्री तुम्ही स्वतः काय खाल्लं? घरात काय शिजलं ते विचारलं नाही. तुमच्या ताटात काय होतं, ते विचारलं.

आधी सगळ्या घरात काय शिजलं तेच सांगू लागल्या. वांगं होतं, डाळ होती, अंड्याचं कालवण केलं होतं. पुन्हा विचारलं, तुमच्या ताटात काय होतं? मग हसू आलं, मग थोडी शांतता झाली. एकीनं सांगितलं, भाकरी आणि चटणी. दुसरी म्हणाली, सकाळची भाकरी होती, ती चटणीतेलाशी खाल्ली. एक सासूबाई म्हणाल्या, “आगं, कालवण पुरवायचं असतं. आपलं काय, चटणीवर भागतंय.”

हे “भागतंय” आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. पण भागतं का खरंच? सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागं ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे आपण दहा जणी गोल करून बसलो तर त्यातल्या पाच जणींना जिना चढताना दम लागतो, खुरपताना डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि आपण म्हणतो, ऊन लागलं असेल. रक्त कमी असायला बरीच कारणं असतात. पाळीत जास्त अंगावरून जाणं, जंत, लागोपाठ बाळंतपणं. पण ताटात काय आणि किती येतं, हे त्यातलं मोठं कारण.

म्हणून चटणीकडं आम्ही दोन डोळ्यांनी बघतो. एका डोळ्यानं चव, दुसऱ्यानं ताकद.

बरणीत नेमकं काय असतं

आता थोडा हिशेब करू. हप्त्यांचा हिशेब करतो तसाच.

५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. प्रथिनं म्हणजे अंगाची बांधणी करणारा भाग. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून बारा-तेरा ग्रॅम मिळतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २४ ग्रॅम असतात. म्हणजे दोन मोठे चमचे भरून शेंगदाण्याची चटणी खाल्ली, तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास भर पडते. नुसत्या तिखट-लसणाच्या चटणीतून जवळजवळ काहीच नाही. फरक कळला ना?

तिळाचं बघा. सालीसकट तिळात चुना, म्हणजे हाडाला लागणारं कॅल्शियम, भरपूर. शंभर ग्रॅममध्ये १२०० मिलिग्रॅमच्या वर. दुधात शंभर मिलीमागं १२० च्या आसपास असतं. तिळातलं सगळं अंगी लागत नाही, सालीतले काही घटक ते अडवून धरतात. तरी ज्या घरात दूध डेअरीला जातं आणि बाईच्या वाट्याला चहापुरतं उरतं, तिथं दोन चमचे तिळाची चटणी मोलाची आहे. पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ दिसायला देखणे, पण चुना साल काढताना निघून जातो. घ्यायचे ते सालीचे, मातकट रंगाचे किंवा काळे.

जवसाचं वेगळंच. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास एक खास प्रकारची चरबी असते, ओमेगा तीन म्हणतात तिला. हृदयाला चांगली आणि बाकी अन्नात फार कमी सापडणारी. पण जवसाचं कवच गुळगुळीत आणि चिवट. अख्खं जवस खाल्लं तर ते जसं गेलं तसंच बाहेर पडतं. म्हणून ते भाजून, कुटूनच खायचं. आपल्या आज्यांनी जवसाची चटणी केली, नुसतं जवस फाकलं नाही, त्यात शहाणपण होतं. कच्चं जवस मूठमूठ खाऊही नये.

कारळे, ज्याला कुठं खुरासणी म्हणतात, ते काळं, बारीक, किंचित कडसर. त्यातही प्रथिनं आणि तेल चांगलं. भाजताना त्याचा जो वास सुटतो तो दुसऱ्या कशाला नाही.

आता खरं तेही सांगायला हवं. चटणी म्हणजे औषध नाही. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. म्हणजे आपल्याला दीडपट लागतं आणि ताटात येतं कमी! दोन चमचे तिळाच्या चटणीतून मिळतं दोन-तीन मिलिग्रॅम. ते थोडंच, पण रोजचं. त्यावर रक्ताची कमी भरून निघणार नाही. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर ते कमी समजायचं.

आणि डाळीची जागाही चटणी घेऊ शकत नाही. ज्वारीच्या प्रथिनात एक घटक कमी पडतो. शेंगदाणा आणि तीळ यांतही तो कमीच. तो भरपूर असतो डाळीत. म्हणून आमची एक युक्ती आहे. चटणी कुटताना मूठभर फुटाण्याचं डाळं टाकायचं. चटणीला दाटपणा येतो, तिखट बेताचं होतं, आणि भाकरीला जे कमी आहे ते थोडं भरून निघतं.

लिंबू पिळा, चहा थांबवा

दोन सवयी फुकटच्या आहेत. धान्यातलं, बियांतलं लोह अंगी लागायला आंबटाची मदत लागते. लिंबाची फोड, आवळा, कच्चा टोमॅटो, कैरी. चटणी ताटात घेतली की वर लिंबू पिळायचं. चटणी करतानाच पिळून ठेवलं तर ओलावा येतो आणि लिंबातला गुणही दिवसागणिक उतरतो. म्हणून ताटातच.

दुसरं, जेवण झाल्या झाल्या चहा नको. चहा लोहाला अडवतो. एक-दीड तास जाऊ द्या. गोळी घेतानाही हेच.

भाजण्यात सगळं आहे

चटणी बिघडते ती बहुतेक वेळा भाजताना. सगळ्या बिया एकत्र कढईत टाकल्या की तीळ करपतात आणि शेंगदाणे कच्चे राहतात. प्रत्येक बीचं अंग वेगळं, म्हणून प्रत्येक वेगळी भाजायची.

शेंगदाणे मंद आचेवर. घाई केली तर वरून डाग पडतात आणि आत कच्चे. साल हातात चुरली की झाले. तीळ तडतडले की लगेच उतरायचे, रंग फार बदलायची वाट बघायची नाही. जवस आधी गप्प असतं, मग एकदम तडतडतं, किंचित फुगतं. तडतड मंदावली की कढई खाली. कारळे काळेच असल्यानं रंगावरून कळत नाही, नाकावर भरवसा ठेवायचा. खमंग वास आला की थांबायचं. क्षणभर उशीर झाला तर कडू.

उतरल्यावर तापलेल्या कढईत ठेवायचं नाही. परातीत पसरायचं. कढईच्या उष्णतेनं भाजणं चालूच राहतं. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कुटायचं नाही. गरम बिया मिक्सरमध्ये टाकल्या की वाफ धरते आणि चटणीचा गोळा होतो.

मिरचीचंही तसंच. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी लवंगी. दोन्ही मिसळून घेतली तर चटणी लालही दिसते आणि जीभही भाजत नाही. मिरच्या चमचाभर तेलात कुरकुरीत करायच्या, काळ्या होऊ द्यायच्या नाहीत. लसणात पाणी असतं. कच्चा लसूण टाकलेली चटणी आठ दिवसांत संपवायची. जास्त दिवस ठेवायची असेल तर लसूण ठेचून तव्यावर कोरडा होईपर्यंत परतायचा.

उखळ आणि मिक्सर

“उखळातली चव मिक्सरला नाही” हे आपण सगळ्या म्हणतो. ते नुसतं आठवणीतलं गोड नाही, त्याला कारण आहे. मिक्सरचं पातं कापतं आणि भराभर फिरून गरम होतं. सगळं एकसारखं बारीक होतं. मुसळ कापत नाही, चेपतं. बी फुटते, तिच्यातलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि मीठ-मिरची त्या तेलात मुरते. काही कण बारीक राहतात, काही भरड. म्हणून घास चावताना मधेच एक शेंगदाण्याचा तुकडा लागतो, मधेच लसूण.

पण उखळात कुटायला वेळ आणि खांदे लागतात, हेही खरं. म्हणून मधला रस्ता. मिक्सर एकदम चालू ठेवायचा नाही. दोन-तीन सेकंद फिरवायचा, थांबवायचा, चमच्यानं खालवर करायचं, पुन्हा फिरवायचा. शेंगदाणे सगळ्यात शेवटी टाकायचे. माळ्यावर खलबत्ता धूळ खात पडला असेल तर तो खाली काढा. रोजची चटणी नाही, पण एका जेवणापुरता लसूण-मीठ-मिरची त्यात ठेचून बघा.

तीन चटण्या, मापासकट

जवसाची: एक वाटी जवस, पाव वाटी तीळ, पाव वाटी डाळं, आठ-दहा सुक्या मिरच्या, दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, मूठभर कढीपत्ता, बोराएवढी कोरडी चिंच, चवीपुरतं मीठ. जवस निवडून चाळून घ्या, त्यात खडा असतो. सगळं वेगवेगळं भाजा. कढीपत्ता हातानं चुरेल इतका कुरकुरीत हवा. आधी मिरची, मीठ, चिंच, जिरं बारीक करा, मग बिया आणि डाळं, शेवटी लसूण. दह्यात कालवून किंवा वर तेलाची धार धरून खा.

कारळ्याची: एक वाटी कारळे, अर्धी वाटी शेंगदाणे, सात-आठ मिरच्या, लसूण, मीठ, आणि बोरभर गूळ. कारळ्याचा कडसरपणा गुळानं बसतो. बाजरीच्या भाकरीशी ही फार जमते.

शेवग्याच्या पाल्याची: शेवगा दारात असतो आणि आपण शेंगा खाऊन पाला शेळीला टाकतो. कोवळा पाला धुऊन, सावलीत फडक्यावर पसरून वाळवा. उन्हात नको, डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व उन्हानं कमी होतं. वाळलेला पाला दोन वाट्या, तव्यावर किंचित गरम करा. एक वाटी भाजलेले शेंगदाणे, अर्धी वाटी तीळ, मिरची, लसूण, मीठ घालून कुटा. पाल्याचा हिरवट वास पहिल्या दिवशी जाणवतो, दुसऱ्या दिवशी मुरतो.

लहान लेकरांसाठी मिरची टाकायच्या आधीच थोडं कूट बाजूला काढा. ते दूध-भाकरीत, वरणभातात कालवता येतं. तीळ किंवा शेंगदाणे खाऊन कुणाच्या अंगावर पित्त उठत असेल तर त्यांना देऊ नका.

फेकायच्या वस्तूंतून निघणारी चव

दोडक्याच्या शिरा आपण विळीनं काढतो आणि टाकून देतो. त्या बारीक चिरून चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत करा. तीळ, हिरवी मिरची, मीठ घालून भरड वाटा. ज्यांनी खाल्ली नाही त्यांना ओळखूच येत नाही की हे काय आहे. दुधी भोपळ्याच्या सालीची अशीच होते. लाल भोपळ्याच्या बिया धुऊन वाळवून ठेवा, सोलून भाजल्या की शेंगदाण्यासारख्याच चटणीत जातात.

एक मात्र ध्यानात ठेवा. दोडका, दुधी चिरताना आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा फेकून द्या. कडू दुधी विषारी असतो, शिजवूनही तो कडवटपणा मरत नाही.

साठवण आणि बुरशी

जवसाचं तेल हवा लागली की लवकर खवट होतं. म्हणून जवसाची चटणी थोडी थोडी करा, पंधरा दिवसांत संपेल इतकी. बिया अख्ख्या असतील तर महिनोन्‌महिने टिकतात, कुटल्या की घड्याळ सुरू झालं. काचेची किंवा चिनी मातीची बरणी, घट्ट झाकण, कोरडा चमचा. चुलीच्या किंवा गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका, तिथली उष्णता चटणीला खाते.

शेंगदाण्याबाबत कानाला खडा लावून ऐका. ओलसर राहिलेल्या शेंगांना पिवळी-हिरवी बुरशी येते. तिच्यातलं विष लिव्हरला, म्हणजे यकृताला घातक असतं आणि भाजून, तळूनही पुरतं जात नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे, कडू दाणे निवडून टाकायचेच. “चटणीत चालून जातात” म्हणून खराब दाणे बाजूला ठेवायची सवय काही घरांत असते. ती मोडा. शेंगा खळखळ वाजेपर्यंत वाळवून मगच पोत्यात भरा.

आणि मीठ. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक छोटा चमचा, एवढंच मीठ पोटात जावं असं डॉक्टर सांगतात. चटणी, लोणचं, पापड तिन्ही एकाच ताटात आले तर ते केव्हाच ओलांडतं. बीपी असलेल्यांच्या घरात चटणीत मीठ हात राखून टाका, आंबट थोडं वाढवा.

बरण्यांची अदलाबदल

आमच्या काही गटांनी एक सोपी रीत लावली आहे. पाच जणींनी मिळून पाच चटण्या वाटून घ्यायच्या. एकीनं जवसाची, एकीनं कारळ्याची, एकीनं तिळाची, एकीनं शेंगदाण्याची, एकीनं शेवग्याच्या पाल्याची. प्रत्येकीनं आपली एकच चटणी पाच घरांपुरती करायची आणि बैठकीला यायचं. जाताना प्रत्येकीच्या पिशवीत पाच पुड्या. कढई एकदाच तापते, वेळ एकीचाच जातो आणि घरात पंधरा दिवस रोज वेगळी चव. कुणाची खमंग झाली, कुणाची खारट झाली यावर जी चर्चा होते ती तर वेगळीच मेजवानी. एका आजींनी जवसाच्या चटणीत ओव्याची चिमूट टाकली होती. आता सगळ्या टाकतात.

या बरण्या भरायला बाजारावरच अवलंबून राहायला हवं असं नाही. येत्या रब्बीला ज्वारीत किंवा हरभऱ्यात चार तासं जवसाची टाका. घरात सांगा, हे विकायचं नाही. चार तासांचं जवस एका घराला पुरून उरतं.

शेवटचं, ताटाबद्दल

एवढं सगळं करून ती बरणी पुन्हा “आपलं काय, भागतंय” म्हणत शेवटीच उघडली, तर काही बदललं नाही. चटणी चांगली झाली म्हणून बाईनं कालवण सोडायचं, असा अर्थ कुणी काढू नये. कालवणही हवं, डाळही हवी, आणि चटणी त्यांच्या जोडीला.

म्हणून दोन गोष्टी करून बघा. एक, कालवण वाढायला घेताना आधी एक वाटी आपली बाजूला काढून झाकून ठेवा. हा हावरटपणा नाही. मजुरीचा हिशेब करताना आपण आपला रोज धरतो ना, तसंच हे. दोन, आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्यांबरोबर बसा. भाकरी गरम हवी म्हणून बाई चुलीपुढून उठत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या दोन दिवशी भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवा. भाकरी थोडी कोमट असेल, पण बाई ताटावर असेल. एका गटातल्या ताईंनी हे सुरू केलं तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, “आई, तू चटणी एवढी मिटक्या मारत खातेस हे मला माहीतच नव्हतं.” त्याला माहीत कसं असणार? त्यानं आईला जेवताना बघितलंच नव्हतं.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरच्या चटणीची चिमूट पुडीत बांधून आणा, आणि काय काय टाकलं ते सांगा. तोच प्रश्न आम्ही पुन्हा विचारणार आहोत: काल रात्री तुमच्या ताटात काय होतं? त्याचं उत्तर भाकरी, कालवण, लिंबाची फोड आणि दोन चमचे चटणी असं यावं, एवढीच इच्छा. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.